चरणाऱ्या जनावरांचे आहारज्ञान आणि वैद्याची जबाबदारी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात वनस्पतिज्ञानाविषयी एक मार्मिक विधान आले आहे. शेळ्या, मेंढ्या व गाई राखणारे आणि इतर वनवासी लोक औषधी वनस्पतींना नावाने व रूपाने ओळखतात, असे आचार्य सांगतात. त्यापुढे लगेच ते बजावतात की नाव आणि रूप कळल्याने वनस्पतीचे ज्ञान पूर्ण होत नाही. देश, काळ आणि पुरुष पाहून तिचा योग कसा करावा हे जो जाणतो, तो श्रेष्ठ वैद्य. पदवीच्या पहिल्या वर्षी आपण सर्वांनी हे वचन पाठ केले आहे. परंतु त्यातील एक दुवा मला त्या वेळी जाणवला नव्हता. मेंढपाळाला वनस्पती ठाऊक असते हे खरे. पण त्याच्या मेंढीला ती कोणी शिकवली?

हा प्रश्न मला पडला तो ग्रंथामुळे नव्हे, तर एका रुग्णामुळे. काही वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याला त्याच्या नातेवाइकांनी माझ्या चिकित्सालयात उचलून आणले. तोंडात दाह, वारंवार उलट्या, पाण्यासारखे असंख्य जुलाब आणि क्षीण नाडी. जुन्या मलावष्टंभासाठी त्याने बांधावरच्या थोराच्या पानांचा रस चिकासकट घेतला होता. थोर म्हणजे आपली स्नुही. चरकाचार्यांनी तीक्ष्ण विरेचन द्रव्यांत जिला अग्रस्थान दिले, तीच ही वनस्पती. मी त्याला तत्काळ रुग्णालयात पाठविले व शिरेवाटे द्रव दिल्यावर तो वाचला. नंतर मी त्याला विचारले, "अहो, हे घ्यायचं सुचलं तरी कसं?" त्याने शांतपणे उत्तर दिले, "शेळ्या रोज त्याची पानं ओरबाडत्यात डॉक्टरसाहेब. त्यांना काय होत न्हाई, मग मला कसं होईल?"

या उत्तराला त्या क्षणी माझ्याजवळ नीट प्रत्युत्तर नव्हते. "शेळी वेगळी, माणूस वेगळा" एवढेच मी म्हणालो. नेमके वेगळे काय, हे शोधताना जे वाचनात आले ते व्यवसायबंधूंपुढे व औषधी दुकानदारांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

उपजत बुद्धी की शिक्षण?

जनावराला चांगले-वाईट उपजतच कळते, अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे. ती पूर्णतः खरी असती तर विषारी वनस्पती खाऊन जनावरे दगावलीच नसती. प्रत्यक्षात घाणेरीची विषबाधा आपल्या पशुवैद्यकांना चांगली परिचित आहे. त्या भागात वाढलेले जनावर चारा उपलब्ध असताना घाणेरीला सहसा तोंड लावत नाही. बाहेरून नव्याने आणलेले किंवा दुष्काळात उपाशी असलेले जनावर मात्र ती खाते, आणि यकृतविकार, कामला व उन्हाने त्वचा सोलवटणे अशी लक्षणे दाखविते. घाणेरी मूळची अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशांतली. म्हणजे आपल्या गुरांच्या पूर्वजांनी ती कधी पाहिलेलीही नव्हती. तरीही स्थानिक गुरे ती टाळतात, याचाच अर्थ हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचे नसून त्याच माळावर मिळविलेले आहे.

या विषयाचा सर्वांत चिकाटीने अभ्यास झाला तो अमेरिकेतील युटा राज्य विद्यापीठात. फ्रेड प्रोव्हेन्झा हे तेथील संशोधक. त्यांचा आरंभीचा अनुभव उद्बोधक आहे. दक्षिण युटाच्या रुक्ष प्रदेशात हिवाळ्यात ब्लॅकब्रश नावाच्या झुडपावर शेळ्या चारल्या जात होत्या. या झुडपाच्या नव्या फांद्यांत पोषकांश अधिक असतो. म्हणून शेळ्या त्याच आधी खातील अशी अपेक्षा होती. परंतु शेळ्या जुन्या, काष्ठमय फांद्या खात व कोवळ्या टाळत. पुढे उलगडा झाला की नव्या फांद्यांत कषाय रसाचे टॅनिन भरपूर असते व ते खाल्ल्यावर शेळ्यांना त्रास होतो. त्याच प्रयोगात एका कुंपणातील शेळ्यांनी आणखी एक गोष्ट केली. तेथील रानउंदीर काटक्या-पाचोळ्याची मोठी घरटी बांधतात. त्या शेळ्यांनी ही घरटी खाण्यास आरंभ केला. घरट्यातील पाचोळा उंदरांच्या मूत्राने भिजलेला असल्याने त्यात नत्र होते, आणि ब्लॅकब्रशच्या आहारात नेमकी त्याचीच उणीव होती. या शेळ्यांचे वजन इतर कुंपणांतील शेळ्यांपेक्षा कमी घटले. सर्व कुंपणांत घरटी होती, शेळ्याही एकाच जातीच्या होत्या. पण शोध एकाच कळपाला लागला. उपजत बुद्धी असती तर तो सर्वांनाच लागायला हवा होता.

जिभेची साक्ष आणि कोठ्याची साक्ष

मग हे शिक्षण घडते कसे? थोडक्यात सांगायचे तर जनावर प्रथम वनस्पतीची चव व वास घेते आणि नंतर ती पोटात गेल्यावर शरीरात काय घडले याची नोंद त्या चवीशी जोडते. परिणाम सुखकर असेल तर ती चव आवडू लागते. मळमळ झाली तर तीच चव नकोशी होते.

याचा पहिला स्पष्ट पुरावा उंदरांवरील प्रयोगातून मिळाला. १९५५ साली जॉन गार्सिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की सॅकरिनचे गोड पाणी पिताना उंदरांवर किरणोत्सर्गाचा मारा केल्यास ते पुढे ते गोड पाणी टाळतात. मेंढ्यांवर पुढे असे अनेक प्रयोग झाले. मेंढीला एखादा नवा चारा देऊन नंतर मळमळ उत्पन्न करणारे लिथियम क्लोराईड दिले की ती तो चारा सोडते. उलट, निःसत्त्व भुसकटाला विशिष्ट वास लावून ते खाताना कोठीपोटात नळीवाटे स्टार्च सोडले, तर कोकरे त्या वासाचे भुसकट पुढेही आवडीने खातात. जिभेला लाभ काहीच झालेला नसतो. लाभ झाला तो कोठ्याला.

१९९४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग तर विशेष विचार करण्याजोगा आहे. मेंढ्यांनी चारा खाल्ल्यावर त्यांना खोल भूल देण्यात आली व त्या अवस्थेत लिथियम क्लोराईड देण्यात आले. शुद्धीवर आल्यावर, मळमळ जाणिवेने अनुभवलेली नसतानाही, मेंढ्यांनी तो चारा टाळला. म्हणजे हा धडा विचारपूर्वक घेतलेला नसतो; शरीर आपल्या पातळीवर तो परस्पर गिरविते.

आपल्या वाचकांना येथे रस व विपाक यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. द्रव्याचा रस जिभेशी संपर्क होताच कळतो, तर विपाक हा पचनानंतरच्या कर्मावरून अनुमानाने जाणावा लागतो, असे आपले शास्त्र सांगते. मेंढीचे शिक्षण म्हणजे रसावरून पुढील कर्म ओळखण्याचा अभ्यासच होय. अर्थात या साम्यावरून "आधुनिक संशोधनाने विपाक सिद्ध केला" असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे ठरेल. विपाक ही आपल्या शास्त्राची स्वतंत्र संकल्पना आहे आणि हे प्रयोग तिच्या परीक्षणासाठी केलेलेच नव्हते. साम्य आहे ते विचाराच्या दिशेत. आणि तेवढेही उपयुक्त आहे.

तीन गुरू

चरणाऱ्या जनावराला तीन ठिकाणी शिक्षण मिळते.

पहिले ठिकाण मातेचे उदर व दूध. ग्रीसमधील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गाभण मेंढ्यांना ओव्याशी मिळत्याजुळत्या वासाच्या ओरेगॅनो वनस्पतीचे तेल आहारातून दिले होते. त्यांच्या कोकरांनी पुढे त्या वासाच्या खाद्याला पसंती दिली. दुधातून आलेला लसणीचा वासही कोकरे ओळखतात व पुढे तशा वासाचा चारा सहज स्वीकारतात, असे आढळले आहे.

दुसरे ठिकाण मातेचे तोंड. कोकरू आईच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ती जे खाते तेच खाऊ पाहते. ऑस्ट्रेलियातील प्रयोगांत आईसोबत लहानपणी थोडे दिवस गहू खाल्लेल्या कोकरांनी सुमारे तीन वर्षांनंतरही गहू ओळखून खाल्ला. ज्यांनी तो लहानपणी पाहिला नव्हता, ती मोठेपणी बिचकत राहिली.

आपल्याकडील धनगर बांधवांना हे पूर्वापार ठाऊक आहे. दिवाळीनंतर कळप घेऊन घाट उतरणाऱ्या एका वृद्ध धनगरास मी विचारले होते, "बाबा, इतका मुलूख फिरता, कोकरांना विषारी पाला कोणता हे तुम्ही शिकवता का?" तो हसून म्हणाला, "आमी काय शिकिवणार वैद्यबुवा? म्हातारी मेंढी म्होरं असती, कोकरू तिच्या तोंडाकडं बघतंय. म्हातारी इकली की कळपाची अक्कल इकली." कळपातील वृद्ध मेंढीचे मोल मांसाच्या वजनावर ठरत नाही, हे त्याने एका वाक्यात सांगितले.

तिसरे ठिकाण स्वतःचा कोठा, ज्याचे वर्णन वर केलेच आहे. या तिघांत नेहमी एकमत असतेच असे नाही. अमेरिकेत वत्सनाभाच्याच कुळातील डेल्फिनियम खाऊन पुष्कळ गुरे दगावतात. तेथील संशोधकांनी लिथियम क्लोराईडच्या साहाय्याने गुरांना ही वनस्पती टाळण्यास शिकविले. वेगळी ठेवली असता ती गुरे हा धडा पाळत. परंतु न शिकविलेल्या गुरांबरोबर त्यांना चरावयास सोडले असता सोबत्यांना खाताना पाहून त्यांनीही पुन्हा तोंड लावले व हळूहळू धडा विसरला गेला. संगतीचा हा परिणाम आपण रुग्णांच्या पथ्यपालनातही रोज पाहतोच!

औषध म्हणून निवड

जनावरे केवळ अन्न नव्हे तर औषधही निवडतात काय? या प्रश्नावर हुआन विलाल्बा, प्रोव्हेन्झा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली एक काटेकोर प्रयोग प्रसिद्ध केला. कोकरांना तीन प्रकारचे त्रासदायक आहार देण्यात आले : आम्लता वाढविणारे अतिधान्य, टॅनिनयुक्त खाद्य आणि ऑक्झॅलेटयुक्त खाद्य. प्रत्येकावर उतारा वेगळा होता. धान्याच्या आम्लतेवर सोडियम बेंटोनाईट ही माती, टॅनिनवर पॉलिएथिलीन ग्लायकॉल, तर ऑक्झॅलेटवर डायकॅल्शियम फॉस्फेट. एका गटाला प्रत्येक त्रासानंतर त्याचा योग्य उतारा देऊन आराम अनुभवू दिला. दुसऱ्या गटाला तेच आहार व तीच द्रव्ये मिळाली, पण त्रास व आराम यांची सांगड पडू दिली नाही. पुढे तिन्ही उतारे एकत्र मांडले असता पहिल्या गटातील कोकरांनी त्या त्या त्रासासाठी योग्य तो उतारा अधिक घेतला. दुसऱ्या गटाला तशी निवड साधली नाही.

यातील मर्म दुसऱ्या गटात आहे. औषध समोर होते, व्याधीही होता. नव्हता तो अनुभव. औषध डोळ्यांसमोर असणे आणि त्याचा योग ठाऊक असणे यांतील जे अंतर चरकाचार्यांनी सांगितले, ते कोकरांनाही लागू पडते.

शेळीला चालते ते माणसाला का चालत नाही?

आता माझ्या त्या रुग्णाच्या प्रश्नाकडे वळू. उत्तर चार भागांत देता येईल.

पहिला भाग मात्रेचा. शेळी एकाच झुडपावर पोट भरत नाही. ती दिवसभरात अनेक वनस्पतींचे थोडे थोडे घास घेते. एका वनस्पतीचा दोष वाढू लागला की तिचे मन त्या चवीवरून उडते व ती दुसरीकडे वळते. शिवाय काही वनस्पतींतील घटक परस्परांचे विष बांधून ठेवतात. माझ्या रुग्णाने वाटीभर रस एका दमात घेतला होता. शेळीने असे कधीच केले नसते.

दुसरा भाग कोठ्याचा. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या कोठीपोटात असंख्य सूक्ष्मजीव असतात व ते अनेक विषांचे विघटन करतात. सुबाभळीचे उदाहरण आपल्या शेतकऱ्यांना जवळचे वाटेल. तिच्यातील मायमोसिन या घटकामुळे ऑस्ट्रेलियात गुरांना विषबाधा होत असे. हवाईतील शेळ्यांना मात्र होत नसे. रेमंड जोन्स या संशोधकांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी हवाईतील शेळ्यांच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीव ऑस्ट्रेलियातील जनावरांत सोडले आणि विषबाधा थांबली. त्या जंतूला पुढे जोन्स यांच्याच नावावरून सिनर्जिस्टिस जोन्सी असे नाव मिळाले. म्हणजे शेळीचे शेळीलाच काय, या देशातील शेळीचे त्या देशातील शेळीलाही चालेल याची शाश्वती नाही!

तिसरा भाग धातूंच्या सामर्थ्याचा. अनेक सशांच्या रक्तात ॲट्रोपिनचे विघटन करणारे विकर असते. त्यामुळे बेलाडोनाची पाने खाऊनही असा ससा सुरक्षित राहतो. माणूस मात्र त्याच पानांनी दगावू शकतो.

चौथा भाग अभ्यासाचा. शेळीने ती पाने करडू असल्यापासून आईसोबत घासाघासाने खाल्लेली असतात. यालाच आपण ओकसात्म्य म्हणतो. आहारविधीच्या आठ आयतनांत 'उपयोक्ता' हे शेवटचे आयतन, आणि ओकसात्म्य त्याच्याच अधीन असते. सात्म्य हे द्रव्याचे नसते, ते घेणाऱ्याचे असते. एकाच कळपातील दोन मेंढ्यांनाही एकाच वनस्पतीची सारखी मात्रा सोसत नाही, असे प्रयोगांत दिसून आले आहे. तेव्हा दोन रुग्णांची गोष्ट वेगळी काय सांगावी?

जेथे जनावर फसते, तेथे परंपराही फसू शकते

येथे एक गंभीर मुद्दा मांडणे मला आवश्यक वाटते. कोठ्याची साक्ष त्वरित मिळते तेव्हाच ती उपयोगी पडते. खाल्ल्यानंतर काही तासांत मळमळ झाली तर जनावर धडा घेते. परंतु ज्या विषाचा परिणाम आठवड्यांनी वा महिन्यांनी होतो, त्याची सांगड चवीशी बसत नाही. पायरोलिझिडीन अल्कलॉइड्स हे याचे ठळक उदाहरण. खुळखुळा व त्याच्या वर्गातील अनेक वनस्पतींत ही द्रव्ये असतात व ती यकृताचा हळूहळू नाश करतात.

माणसाचेही असेच होते. १९७५-७६ साली तत्कालीन मध्य प्रदेशातील व आताच्या छत्तीसगढमधील सरगुजा जिल्ह्यात जलोदर व यकृतविकाराची साथ उद्भवली आणि अनेक रुग्ण दगावले. तपासाअंती कारण निघाले ते गोंदली या बारीक धान्यात मिसळलेले खुळखुळ्याच्या वर्गातील वनस्पतीचे बी. गावकरी ते धान्य नित्य खात होते. चवीने वा पोटाने त्यांना कोणतीही सूचना दिली नाही.

"हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरतात, कोणाला काही झाले नाही," हे वाक्य आपण दुकानात व चिकित्सालयात नित्य ऐकतो, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर आपणही उच्चारतो. जो अपाय लगेच दिसतो त्याबाबत या वाक्यात तथ्य आहे. मंदगती अपायाबाबत मात्र हे वाक्य मेंढीच्या साक्षीइतकेच अपुरे आहे. तेथे नोंदी, रक्ततपासणी व दीर्घकाळ पाठपुरावा यांनाच पर्याय नाही. हे मान्य करण्यात शास्त्राचा उणेपणा नाही; न मान्य करण्यात मात्र रुग्णाचा घात आहे.

व्यवहारात काय करावे?

१. मेंढपाळ, गुराखी वा वनस्पती गोळा करणाऱ्यांकडून माहिती घेताना "जनावर खाते का?" एवढेच विचारू नये. कोणता भाग खाते, कोणत्या ऋतूत, कोवळा की वाळलेला, किती घास, त्यासोबत आणखी काय, स्थानिक जनावर खाते की नवखेही, भरल्या पोटी खाते की उपाशी असतानाच, हे सर्व लिहून घ्यावे. यातील प्रत्येक उत्तर देश, काळ व मात्रेचे ज्ञान देते.

२. "शेळी खाते म्हणून निर्धोक" हा युक्तिवाद ग्राहकाने केल्यास औषधी दुकानदारांनी तो तेथेच खोडावा. स्नुही, धोतरा, गुंज, वत्सनाभ यांसारखी द्रव्ये अशोधित स्वरूपात व वैद्याच्या सल्ल्याशिवाय देऊ नयेत. भरडधान्य व बिया खरेदी करताना परक्या बियांची भेसळ डोळ्यांनी तपासावी.

३. रुग्णाचा आहार वा औषध बदलताना पादांशिक क्रमाचा आदर करावा. अहितकर सवय एकदम तोडू नये व हितकर गोष्ट एकदम लादू नये, तर अंशाअंशाने बदल करावा, हे आचार्यांचे सांगणे कळपालाही लागू पडते. नवा चारा अल्प प्रमाणात व ओळखीच्या चाऱ्यासोबत दिला तरच जनावर तो स्वीकारते.

४. मळमळ वा ज्वरवेग असलेल्या दिवशी शक्यतो नव्या चवीचे औषध सुरू करू नये. कर्करोगावरील रासायनिक उपचार घेणाऱ्या मुलांना उपचारापूर्वी विशिष्ट चवीचे आइसक्रीम दिले असता पुढे त्यांना त्याच आइसक्रीमचा तिटकारा आला, असे १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. दोष आइसक्रीमचा नव्हता, पण शरीराने तो त्याच्याच माथी मारला. आपल्या कित्येक उत्तम क्वाथांचा बळी असाच जात असावा. बालरुग्णांबाबत तर ही दक्षता विशेष घ्यावी.

५. गर्भिणी व सूतिका यांना आहाराचा सल्ला देताना त्यांच्या ताटातील विविधता पुढे बालकाच्या आवडीनिवडीवर परिणाम करू शकते, हे ध्यानात असावे.

समारोप

आज माळराने आक्रसत आहेत, धनगरांच्या पुढील पिढ्या अन्य व्यवसायांकडे वळत आहेत. फ्रान्समध्ये मिशेल म्युरे या संशोधकांनी मेंढपाळांसोबत वर्षानुवर्षे हिंडून ते कोणत्या क्रमाने कळप कोठे चारतात याच्या नोंदी केल्या. मेंढपाळांच्या कौशल्यावरील त्यांचा व प्रोव्हेन्झा यांचा संपादित ग्रंथ २०१४ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे असे काम करण्यास वैद्याइतका योग्य मनुष्य कोण? रस ओळखण्याचे शिक्षण त्याला आहे, ग्रंथाची पार्श्वभूमी आहे आणि तालुक्याच्या ठिकाणी राहत असल्याने कळप त्याच्या दारावरून जातात. आपल्यापैकी प्रत्येकाने वर्षातून एक दिवस जरी एखाद्या कळपामागे वही घेऊन घालविला, तरी पुष्कळ ज्ञान विस्मृतीतून वाचेल.

तो रुग्ण आजही माझ्याकडे येतो. मागील भेटीत त्याने हसत सांगितले, "साहेब, आता शेळीकडं बघून औषध घेत न्हाई." मी म्हणालो, "शेळीकडे जरूर बघा. पण ती किती घास घेते आणि कधी थांबते तेही बघा."

अलमतिविस्तरेण.